पातळीची नोंद

दर दोन तासांनी रेडिओ उचलतो,
खाली इचिकपाम्पाला कळवतो:
तळं शांत. पट्टीवर पाणी अकरा.
कड्यावर ढग. फुटल्याचा आवाज नाही.
रात्री दोनलाही. चारलाही.
साडेचार हजार मीटरवर झोपही विरळ असते.

याआधी एक सभा झाली होती.
लिमाहून इंजिनिअरबाई आल्या, हिमेना सोलोर्सानो,
ओठ निळे, धाप लागलेली,
कोकाचा चहा दोनदा पिऊन उभ्या राहिल्या.
म्हणाल्या, वरचं बर्फ तळ्यात कोसळू शकतं.
कधी?
या पावसाळ्यात. किंवा चाळीस वर्षांनी.
किंवा, इथं त्या अडखळल्या, कदाचित नाहीच.

नासारियो तिनोको उठला.
"बाई, नक्की कळलं की या.
हे पैसे शाळेच्या छपराचे आहेत."
लोक हसले. मीही.
छप्पर खरंच गळत होतं,
माझ्या पोरीच्या वहीत सातचा पाढा
निळ्या डागांत वाहून गेला होता.

वाटलं, बाईंनी थोडं खोटं बोलावं.
एक तारीख फेकली असती तर धावलो असतो.
पण त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा तेच:
मला माहीत नाही.

मग मागून सेलेदोनिया बोलली,
हातातली चाती न थांबवता.
"नासारियो, यंदा बटाटा कधी लावलास?"
"उशिरा."
"का रे?"
"जूनमध्ये कृत्तिका धूसर होत्या."
"किती धूसर? मोजल्यास?"
तो गप्प.
"सहा चांदण्या पुसट दिसल्या
म्हणून अख्ख्या गावानं बेणं महिनाभर कोठीत ठेवलं.
आभाळाकडं पुरावा मागितलास?"
लोकर पिळत राहिली.

एकोणचाळीस हात वर. सदतीस खाली.
सगळ्यांनी मिळून अकरा दिवस नळ वाहिले.
नासारियोही आला,
"मत बदललं नाही, खेचर माझंच दणकट आहे."
बादल्यांनी नळ भरले, आतली हवा काढली,
आणि पाणी आपल्याच ओढीनं चढून
बांधापलीकडं उतरायला लागलं.
तळं तीन पुरुष खाली गेलं.

पाच पावसाळे झाले. काही झालं नाही.
काहीच झालं नाही, नासारियो दर सणाला सांगतो,
चिचाचा पेला उंच धरून:
"छप्पर प्यायलं तुमचं तळं!"

गेल्या मार्चमध्ये मात्र घराएवढा तुकडा पडला.
अंधार. आधी आवाज, मग खालून थंड वारा.
बॅटरी घेऊन धावलो.
लाट किती उठली, दिसलं नाही.
बांध कोरडा होता.
तळं काठोकाठ असतं तर?
माहीत नाही.
हे दोन शब्द आता मलाही येतात.

एक मात्र दिसतं. बर्फ काळवंडतंय.
मेव्हण्याची, फिदेन्सियोची, वीटभट्टी खाली आहे,
शिवाय ट्रक आहेत, डोंगरापलीकडं जळणारी रानं आहेत.
"यात माझी काजळी किती? दाखव," म्हणतो तो.
मी मूठभर बर्फ फडक्यात बांधून
त्याच्या टेबलावर ठेवलं.
जेवण होईतो ते वितळलं, फडक्यावर काळं कडं राहिलं.
त्यानं टेबल पुसलं. भट्टी पेटती आहे.
परवा सहज विचारल्यासारखं विचारलं,
ते फडकं धुतलंस का?
नाही धुतलं.

चार वाजले.
तळं शांत. पट्टीवर अकरा. पाऊस सुरू.
"नोंदवलं," खालून पोरगी म्हणते.
शाळेच्या खोलीत बसते ती आता, रेडिओजवळ.
तिच्या आवाजामागं
बादलीत पडणारे थेंब ऐकू येतात,
एक, मग बराच वेळ काही नाही,
मग एक.